गुरुजींचा वेळ कुणाचा?



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मृतीसाठी चालते. म्हणून खेड्यातल्या शाळांच्या गुणवत्तेविषयी बोलताना इमारत, संगणक, पाठ्यपुस्तक यांच्याकडे नंतर वळावे आणि सुरुवात शिक्षकापासून करावी, असे मला वाटले. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. आपल्या ग्रामीण शाळेत आज सर्वांत कमी पडते आहे ती गोष्ट म्हणजे शिक्षक आणि मूल यांनी एकमेकांसमोर बसून घालवलेला सलग वेळ. तो मुलाला परत मिळवून दिला नाही, तर बाकीच्या उपायांचा फारसा उपयोग नाही.

थोडा हिशेब करू. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावे असे लिहिले आहे. त्याच परिशिष्टाप्रमाणे साठ मुलांपर्यंत शाळेला दोन शिक्षक मिळतात. आता फुलंब्री किंवा सोयगाव तालुक्यातली पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणा. वर्ग चार, शिक्षक दोन. म्हणजे प्रत्येकाकडे दोन वर्ग. एका वर्गाला शिकवताना दुसरा वर्ग पाटीवर काहीतरी उतरवत बसतो. ८०० तासांचे ४०० झाले. त्यातला तिसरा हिस्सा मराठीला दिला, तर पहिलीतल्या मुलीला अक्षरओळखीसाठी शिक्षक प्रत्यक्ष समोर मिळतो तो वर्षभरात साधारण १३० तास. दोघांपैकी एक जण रजेवर, प्रशिक्षणाला किंवा पंचायत समितीत गेला, की त्या दिवशी तेही निम्मे होतात. ‘शाळा वर्षभर भरली’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या मुलीच्या पदरात एवढेच पडलेले असते.

आणि हा हिशेब सगळे सुरळीत चालले असे धरून केला आहे. त्याच कायद्याचे २७ वे कलम शिक्षकाला अशैक्षणिक काम देण्यास मनाई करते. अपवाद तीनच – दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. पण निवडणुकांच्या अपवादातून मतदार यादीचे काम वर्षभराचे झाले, आणि ज्याचा कायद्यात उल्लेखच नाही अशा माहितीच्या कामाला तर अंतच राहिलेला नाही. यू-डायस आणि सरल या सरकारी माहिती-प्रणाली, पोषण आहाराची रोजची नोंद, आधार, शिष्यवृत्तीसाठी मुलांची बँक खाती, गणवेशाचा हिशेब, अभियानाचे फोटो. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी अकराला निरोप येतो : माहिती दुपारी दोनपर्यंत पाठवा, अत्यंत तातडीचे. अकरा ते दोन हीच तर शिकवण्याची वेळ! कन्नड तालुक्यातल्या एका शाळेत मी बसले होते. गुरुजी फळ्यावर वजाबाकीचे उदाहरण मांडत होते. फोन वाजला, त्यांनी खडू ठेवला आणि ते रेंज शोधत मैदानाच्या कडेला गेले. परत आले तेव्हा मुले पांगली होती आणि हातच्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. त्या माणसाच्या तळमळीविषयी मला तिळमात्र शंका नाही. म्हणून ‘हल्लीचे शिक्षक शिकवत नाहीत’ हे सरसकट वाक्य ऐकले की मला राग येतो. कामचुकार माणसे प्रत्येक खात्यात असतात, तशी इथेही आहेत. पण ज्याला शिकवायचे आहे त्यालाही आपण शिकवू देत नाही, हा दोष मोठा आहे आणि तो आपल्या सगळ्यांचा आहे.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दिलेले निवेदन पाहा. शेतकऱ्याच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि खेड्यातल्या प्राथमिक शाळेच्या वाट्याला काही येत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. पण ते तक्रारीवर थांबले नाहीत. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक प्रशिक्षित असू द्या, तो शक्यतो शेतकरी समाजातून आलेला, वेळ पडली तर नांगर धरायला न लाजणारा असावा, त्याला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेबाबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, इतक्या बारकाव्याने त्यांनी लिहिले. शिक्षक कोण असावा, कुठून यावा, त्याला काय मिळावे, याचा विचार त्यांना सर्वांत महत्त्वाचा वाटला होता. पुढे १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. बडोद्यात सयाजीरावांनी त्याआधीच, १९०६ मध्ये, संपूर्ण राज्यात ती सक्ती आणली होती.

आपण मात्र या सगळ्याच्या बाहेर होतो. मराठवाडा निजामाच्या राज्यात. माध्यमिक शाळेत गेले की उर्दू, खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी. तशा काळात १९१५ मध्ये याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, सरस्वती भुवन ही शिक्षणसंस्था उभी राहिली. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि १९३५ पासून अंबाजोगाईच्या योगेश्वरीत स्वामी रामानंद तीर्थ शिकवत होते. मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले ते त्यानंतर. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो, पण १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरातल्या दहाजणांनाही लिहिता-वाचता येत नव्हते. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. खेड्यापाड्यांतून, वाड्यावस्त्यांवरून पहिल्यांदा बाहेर पडलेली मुले त्यात आली. १९५८ मध्ये विद्यापीठ झाले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावची शाळा त्यांच्याकडे गेली. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची साक्षरता ७९ टक्क्यांवर होती. साठ वर्षांतला हा प्रवास मोठाच आहे. त्याला नावे ठेवणाऱ्यांत मी नाही. शाळा गावात पोचली, मुलगी शाळेत पोचली. आता तिला वाचता यायला हवे.

इथे थोडा वेळ थांबते, कारण सगळे अडते ते इथेच. तिसरीच्या आत मूल समजून वाचू लागले नाही, तर चौथीपासून त्याच्यासाठी प्रत्येक विषय बंद होतो. परिसर अभ्यास, गणितातली शाब्दिक उदाहरणे, सगळे वाचूनच करायचे असते. ‘प्रथम’ संस्थेची असर पाहणी २००५ पासून देशभरातल्या ग्रामीण मुलांच्या घरी जाऊन हीच गोष्ट तपासते. तिसरीतल्या किती मुलांना दुसरीच्या पातळीचा परिच्छेद वाचता येतो? देशात २०१८ मध्ये हे प्रमाण २७.३ टक्के होते. कोरोनाने शाळा बंद पडल्या आणि २०२२ मध्ये ते २०.५ वर आले. २०२४ मध्ये पुन्हा २७.१. आपण परत जागेवर आलो याचा आनंद मानायला हरकत नाही. पण चारातल्या तीन मुलांना वाचता येत नाही, ती ही जागा आहे. निपुण भारत अभियानाने २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मूल तिसरीअखेर वाचू लागावे असे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्दिष्ट योग्यच आहे. ते गाठायचे कसे, याची उत्तरे आपल्याच राज्यात फार आधीपासून पडून आहेत.

फलटणच्या मॅक्सिन बर्नसन यांचे काम घ्या. अमेरिकेतून त्या फलटणच्या मराठी बोलींचा भाषाशास्त्रीय अभ्यास करायला आल्या, इथेच राहिल्या, इथल्या नागरिक झाल्या. दलित वस्तीतली मुले शाळेत जाऊनही वाचू शकत नाहीत, हे त्यांना दिसले. त्यातून प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन. पालघर जिल्ह्यात नीलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’ने आदिवासी मुलांबरोबर याच दिशेने काम केले. यातली कळीची गोष्ट अगदी साधी आहे. आपण पहिलीत अ-आ-इ-ई पासून ज्ञ पर्यंत क्रमाने अक्षरे घोकून घेतो, मग बाराखडी घोकून घेतो, आणि शब्द येईपर्यंत दिवाळी उलटते. तोवर मुलाला कळलेलेच नसते की हे कशासाठी चालले आहे. त्याऐवजी थोडी अक्षरे एकत्र घ्या. क, म, ल ही तीन अक्षरे आणि आ ची मात्रा. एवढ्यातून काय काय होते पाहा : काका, मामा, काम, मला, लाल, माल, कमल, मका. सिल्लोडच्या मुलाला मका माहीत नाही असे होईल का? आठवड्याभरात ते ‘मामाला काम’ असे स्वतः वाचते. आपण वाचले हे त्याला कळते. मग पुढचा अक्षरगट. त्याच्या जोडीला रोज एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायची, तिच्यावर बोलायचे, मुलाला चित्र काढून त्याखाली हवे ते लिहू द्यायचे. सुरुवातीला वेड्यावाकड्या रेघा असतील तरी चालेल. यात कुठेही महागडे साहित्य नाही. लागतो तो शिक्षकाचा वेळ. रोजचा, न तुटलेला. आठ दिवस खंड पडला, की पहिलीतले मूल मागे सरकते.

याला जोडून एक गोष्ट, जिच्याकडे आपल्या भागात फार दुर्लक्ष होते. गौताळ्याच्या डोंगररांगेत, कन्नड-सोयगावकडे जा. बंजारा तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते. खानदेशाच्या हद्दीवरच्या गावांत अहिराणी कानावर पडते, काही ठिकाणी भिल्ली, काही ठिकाणी दखनी. हे मूल सहाव्या वर्षी शाळेत येते आणि तिथे पुस्तकी मराठी. ते गप्प बसते. आपण म्हणतो, ‘पोरगं बुजरं आहे.’ तेच पोर संध्याकाळी शेळ्या राखताना किती बोलते हे एकदा ऐकावे. ज्या शिक्षकाने गोरमाटीतली शे-दोनशे वाक्ये शिकून घेतली आहेत, त्याच्या वर्गात पहिल्या महिन्यापासून मुले बोलतात. असे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांना कुणी आदेश दिला नव्हता. पण बदल्यांचे चक्र फिरले की तो शिक्षक गंगापूरला जातो आणि त्याच्या जागी आलेल्याला पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करावी लागते. बदलीच्या धोरणात सुगम-दुर्गमचा विचार होतो, सेवेची वर्षे मोजली जातात. शिक्षकाला मुलांची बोली येते की नाही, याला तिथे काहीच किंमत नाही. ती असायला हवी.

आता ऊसतोडीविषयी. बीडचे नाव त्यात पहिले येते, पण पैठण आणि कन्नड तालुक्यांतूनही टोळ्या जातात. मुकादमाची उचल घेतलेले जोडपे, म्हणजे एक कोयता, दिवाळीच्या आगेमागे निघते आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परतते. मूल बरोबर गेले, तर त्याच्या ८०० तासांतले निम्म्याहून अधिक तास फडावरच जातात. नाव मात्र हजेरीपटावर कायम. यावर साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहांची योजना आली. गावातच आजी-आजोबांजवळ मूल राहील आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होईल, ही कल्पना मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते, कारण त्यात मुलाचा शिक्षक बदलत नाही. पण तिचा निधी आणि मंजुरी टोळ्या निघण्यापूर्वी हातात आली पाहिजे. पोरगे गाडीत बसून गेल्यावर आलेल्या मंजुरीला काय अर्थ? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी कुरणशाळा काढली. शाळाच मुलांमागे कुरणात गेली. त्याला कित्येक दशके उलटली. सरकारी वेळापत्रक मुलाच्या जगण्याशी जुळवून घ्यायला आपण अजून तयार नाही.

चांगले कुठेच घडत नाही असे मात्र कुणी समजू नये. आपल्या शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर गाडीवाट नावाचे गाव आहे. तिथली जिल्हा परिषदेची शाळा २०२० मध्ये देशभरच्या बातम्यांत आली. शाळेने चौथी ते आठवीच्या मुलांना विचारले, परकी भाषा शिकायची तर कोणती? रोबोट आणि तंत्रज्ञानाची ओढ असलेल्या या मुलांनी जपानी निवडली. गावाला रस्ता धड नव्हता, पण इंटरनेट पोचले होते. आधी चित्रफिती आणि भाषांतराची साधने वापरून आणि पुढे शहरातल्या एका जाणकाराच्या मदतीने मुले जपानी बोलू लागली. वर्तमानपत्रांना त्यात जपानीचे नवल वाटले. मला महत्त्वाचे वाटते ते हे की शाळेने मुलांना विचारले, आणि उत्तर अवघड आले तरी ते टाळले नाही. आपल्याकडे खेड्यातल्या मुलाला काय झेपेल हे दुसरेच लोक ठरवतात.

पण अशी शाळा पुढे आली की आपण लगेच तिची नक्कल काढतो, आणि इथे जपून चालायला हवे. साताऱ्याच्या कुमठे बीटचा, म्हणजे एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळागटाचा, अनुभव बोलका आहे. तिथल्या शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने फरशीवर आकृत्या रंगवल्या, काड्यांचे गठ्ठे, बिया, खडे घेऊन मुलांना गटांत बसवले. राज्यभरातून शिक्षक पाहायला गेले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाले आणि गावोगावच्या फरश्या रंगल्या. लोकवर्गणी जमली, भिंती बोलक्या झाल्या. काही शाळा खरोखर बदलल्याही. पुष्कळ ठिकाणी मात्र रंग तेवढा पोचला. कुमठ्यात रंगाच्या आधी काय होते? एका बीटमधले शिक्षक एकमेकांच्या वर्गात जाऊन बसत होते, काय जमले, काय फसले हे बोलत होते, आणि पर्यवेक्षण करणारी अधिकारी व्यक्ती त्यांच्याबरोबर शिकत होती. ते बोलणे आदेशाने पाठवता येत नाही. त्यासाठी पुन्हा वेळच लागतो.

आणि त्याची व्यवस्था आपल्याकडे आहे. दहा-बारा शाळांचे एक केंद्र, त्याला एक केंद्रप्रमुख, ही रचना महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली. राज्यात ४ हजार ८६० केंद्रे आहेत. केंद्रप्रमुखाने वर्गात बसावे, अडलेल्या शिक्षकाला हात द्यावा, महिन्याच्या शिक्षण परिषदेत सगळ्यांनी मिळून एखाद्या पाठावर विचार करावा, यासाठी हे पद. कितीतरी पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली. जिथे माणूस आहे, तिथे तो माहिती गोळा करून पुढे पाठवण्यात बुडालेला. शिक्षण परिषदेत सूचना वाचून दाखवल्या जातात आणि चहा होतो. मला विचाराल तर ग्रामीण शाळेसाठी एकच सुधारणा निवडायची झाली तर ही निवडावी : केंद्रप्रमुख भरा, माहितीच्या कामासाठी प्रत्येक केंद्राला एक लिपिक द्या, आणि केंद्रप्रमुखाला वर्गात पाठवा. शिक्षकाचा वेळ वाचवण्यासाठी यापेक्षा स्वस्त काही नाही. शिक्षकाला हात देण्याचा आणखी एक मार्ग आहे. २००१ ते २००३ मध्ये ‘प्रथम’ने मुंबई आणि वडोदऱ्यात वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींना बालसखी म्हणून नेमून, मागे पडलेल्या मुलांबरोबर रोज दोन तास बसवले, तेव्हा त्या मुलांचे शिकणे सुधारल्याचे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसले. आपल्या प्रत्येक गावात आज बारावी झालेली, घरी बसलेली मुलगी आहे. ती शिक्षकाच्या जागी नको. त्याच्या जोडीला मानधनावर हवी.

छोट्या शाळांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे १४ हजार ८०० शाळा आहेत, हा आकडा २०२३ मध्ये पुढे आला आणि लहान शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा सुरू झाली. शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने अशा ठिकाणच्या शिक्षकांची पदेच धोक्यात आली. अकरा मुलांच्या शाळेत मूल एकटे पडते, खेळायला गडी मिळत नाहीत, हे खरे आहे. मोठ्या शाळेत त्याला अधिक मिळेल हेही शक्य आहे. पण नाला ओलांडून चार किलोमीटरवरच्या शाळेत सात वर्षांची मुलगी पावसाळ्यात रोज जाईल, गाडी रोज येईल, हे गृहीत धरून कागदावर शाळा बंद करता कामा नये. आधी गाडी दोन वर्षे चालवून दाखवा, मग शाळेचा विषय काढा. पालक पिवळ्या गाडीतून मुलाला इंग्रजी शाळेत पाठवतात त्यालाही मी दोष देत नाही. त्यांना हमी हवी आहे, आणि ती हमी त्यांना गावच्या शाळेत दिसत नाही.

आता एक प्रत्यक्ष सूचना, आणि ती आज इथे बसलेल्या सरपंचांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना आहे. या समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. समितीने शाळेत एक वही ठेवावी. तिला वेळवही म्हणा. शिक्षक ज्या दिवशी, ज्या तासाला वर्गातून उठला, त्याची नोंद त्यात करायची : किती वेळ, कोणाच्या निरोपावरून, कोणत्या कामासाठी. शिक्षकाला दोष द्यायचा नाही, त्याच्यावर पाळत ठेवायची नाही. नोंद त्यानेच करावी. दर महिन्याला बेरीज करावी. त्यातला किती वेळ कलम २७ च्या तीन अपवादांत बसतो आणि किती बसत नाही, हे वेगळे काढावे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत जमाखर्च वाचून दाखवतात, त्याच्या जोडीला ही बेरीज वाचून दाखवावी, ठरावात घ्यावी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी. मुलांना मात्र त्या सभेत उभे करून वाचायला लावू नका. अडखळणाऱ्या मुलाची गावासमोर परीक्षा नको. एका तालुक्यातल्या वीस गावांनी एक वर्ष हे केले, तरी कोणत्या कार्यालयाने मुलांचे किती तास घेतले ते लेखी हातात येईल. मग जिल्हा परिषदेच्या सभागृहात त्याचे उत्तर मागता येईल. व्याख्यान संपल्यावर ज्यांना आपल्या गावी हे सुरू करायचे आहे त्यांनी थांबावे. वहीचे रकाने कसे आखायचे ते आजच बसून ठरवू.